होऊन गेलेली

३ मे २०२१, सोमवार

पोचले एकदाची! रोह्याहून पेण, आणि पेणहून पुंडलिकदादांच्या टेम्पोतून खारसोंडे. टेम्पोत पुढे जागा रिकामी होती, तरी मला मागे सिमेंटच्या गोणींवर बसवलं. मी म्हटलं, अहो दादा, मला सप्टेंबरात कोरोना होऊन गेलाय, मला कसली भीती? तर म्हणाले, नूतनताई, तुम्हाला नाय, मला हाय! हसू आवरेना. रोह्याजवळ अष्टमी गावात, आमच्या आळीत मला 'होऊन गेलेली' म्हणतात, जशी काय माझी वेगळी जातच निघाली. कुणाकडे पेशंट निघाला की पहिली माझ्या दाराची कडी वाजते. त्यातूनच हे काम चालून आलं. दवाखान्यातली आयाची नोकरी गेली, आणि पदरात पोर असताना हातावर हात ठेवून बसता येत नाही.

घर नवंकोरं आहे. खाडीच्या बांधाला लागून, समोर मिठागरं. दुपारी मिठाच्या राशींकडे बघवत नाही, डोळे दिपतात. फरश्या अजून बसायच्यात, वास्तुशांत राहिलीय. दादांचा धाकटा भाऊ जनू डोलवीला कंपनीत ठेक्यावर होता, तिथून ताप घेऊन आला. एकटा जीव, ना बायको ना बिऱ्हाड. त्याला आतल्या खोलीत ठेवलाय, मोरी-संडास आतच. मी दोन वेळ रांधायचं आणि ताट दाराखालून सरकवायचं. फरशी नाही म्हणून दाराखाली वीतभर फट आहे, ताट आरामात जातं. कडी आतून. माणूस तिरसट हाय, तोंड दाखवणार नाय, बोलणार पण नाय, मनावर घेऊ नका, असं दादांनी आधीच सांगून ठेवलं. ते स्वतः पलीकडे वाडीत राहतात, या घराची पायरी चढत नाहीत.

माझी मनू मालूकडे आहे, माझ्या बहिणीकडे. निघताना तिने तिची अर्धी कोरी वही दिली आणि बजावलं, आई, काय काय केलंस ते रोज लिही. घे बाई, लिहिलं.

४ मे

सकाळी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. ताट सरकवलं, दोन हाका मारल्या. मागच्या अंगणात भांडी घासून आले तर ताट फटीतून बाहेर आलेलं, असं चाटूनपुसून स्वच्छ की घासायची गरज नाही. म्हटलं, वा रे तिरसट! जेवणाशी वाकडं नाही म्हणजे माणूस वाचला.

संध्याकाळी सुकट टाकली ती करपली. मला धूर दिसला तेव्हा कळलं. सप्टेंबरपासून नाकाला काही म्हणजे काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मनूच्या केसांना खोबरेल लावते तेव्हा फार वाईट वाटतं. बाकी धडधाकट आहे.

६ मे

इथे बोलायला चिटपाखरू नाही. मिठागरावरचे लोक लांबून जातात, या घरापाशी आले की पावलं उचलतात. मालूला फोन केला. तिच्याकडे दिवसभर टीव्ही, तिला सगळं ठाऊक. एक म्हणतो, एकदा झाला की झाला. दुसरा म्हणतो, तीन महिनेच पुरतं. तिसरा म्हणतो, हा नवा प्रकार आहे, याला जुनं चालत नाही. मी रोह्यात रक्त तपासून घेतलं होतं, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले? तुमच्या अंगात प्रतिकारशक्ती आहे, पण किती टिकेल ते देवाला माहीत. एवढे शिकून तुम्हीही देवावरच टाकता होय, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

आता म्हणे तिसरी लाट येणार, ती लहान मुलांची. मनूला अजून झालेला नाही. तिच्या अंगात काहीच नाही. मला दुसरी कसली भीती नाही, फक्त एकच, इथून परत जाताना मी तिच्यासाठी काही घेऊन जाऊ नये.

७ मे

मौनाचा कंटाळा येऊन दारापाशी पाट टाकून बसले आणि जनूभाऊंशी बोलत सुटले. म्हटलं, बोलू नका, नुसती टिचकी मारा. हो असेल तर एक, नाही तर दोन. मग विचारलं, भाजी आवडली का? आतून दारावर एक टिचकी. अगदी खाली, फटीजवळ. जमिनीवरच अंथरूण असेल. इतकं बरं वाटलं! माणसाला माणूस लागतो हेच खरं.

मग काय, माझी टकळी सुरू. मनूचं सगळं सांगितलं. आठ वर्षांची, कुरळ्या केसांची, हाक मारली की काही न बघता धावत सुटते, दोनदा गुडघे फोडून घेतलेत. तुम्हाला मुलं आवडतात का? एक टिचकी. मी म्हटलं, तिला अजून झालेला नाही हो, त्याचीच काळजी. यावर एक टिचकी आली. मी तर काही विचारलं नव्हतं.

९ मे

माश्या फार. खाडीच्या असतील. आतल्या खोलीच्या खिडकीची काच बाहेरून बघितली तर काळी झालेली, आतून माश्या बसलेल्या. जनूभाऊंना म्हटलं, खिडकी उघडा. दोन टिचक्या.

पुंडलिकदादा बांधावर सामान ठेवायला आले ते गमछ्याने नाक गच्च दाबून. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, मी काय घाणीत लोळते का? मला होऊन गेलाय, माझ्याजवळ नाक कसलं दाबता! त्यांनी पिशवी ठेवली आणि मागच्या पावली गेले. जनू जेवतो का, एवढं लांबून ओरडून विचारलं. मी ओरडले, चाटूनपुसून!

या रागात जेवण गेलं नाही.

११ मे

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी आशाताई आली, निशिगंधा नाव. ताप बघायला घरोघर फिरते. ओसरीवर पाय ठेवला आणि मास्कसकट तोंड दाबून अंगणात जाऊन ओकली. मी पाणी घेऊन धावले तर मला म्हणते, ताई गो, तुला वास येत नाय? मी म्हटलं, कसला?

तिने फोन करून माणसं बोलावली. पांढरे कपडे घालून आली, कडी तोडली. मला बघू दिलं नाही, पण मी बघितलं. जनूभाऊ खिडकीखाली भिंतीकडे तोंड करून होते. निशिगंधा म्हणाली, हा तू यायच्या आधीच गेलेला. हवं तर पेणच्या डॉक्टरांना विचार, पण मी पुष्कळ बघितलेत या महिन्यात. आणि मग तिने मला विचारलं, ताई, मग ताटं कोण खात होतं?

माणसं म्हणाली, घुशी असतील. खाडीकाठी घुशी असतातच.

घूस ताट बाहेर सरकवते? विचारलं तर माझ्याकडे कुणी बघेना. मृत्यूवाल्या घरातली म्हणून मला इथेच राहायला सांगितलंय. एकदा झालेल्याला पुन्हा होतो का, मी विचारलं. निशिगंधा म्हणाली, खरं सांगू, आम्हालाच कुणी नीट सांगत नाय. वाडीच्या लोकांनी बांधावर बांबू आडवा टाकला, वर बाभळीचे काटे. पुंडलिकदादा पलीकडे उभे राहून रडत होते. त्यांना परवाच वास आला होता, तरी मला त्यांच्यावर रागही धरवला नाही.

१२ मे

आतली खोली धुऊन, पावडर टाकून गेलेत. दार त्यांनी नुसतं लोटलं होतं, बाहेरून मी कडी घातली. वास्तुशांत न झालेल्या घरात माणूस गेला, आणि त्याच घरात मी एकटी.

दुपारी पेज घेऊन बसले. बसल्या बसल्या आतून एक टिचकी आली. खाली. फटीजवळ.

मी काही विचारलं नव्हतं.

१३ मे

ताट ठेवलं नाही. मुद्दामच. दुपारभर टिचक्या. मग खोकला. जनूभाऊंचा नाही, जनूभाऊंचा मी कधी ऐकलाच नव्हता. हा माझा खोकला. सप्टेंबरातला. शेवटी शीळ वाजायची तसा. माझा मला ओळखू येणार नाही का?

मालूला सांगितलं. ती म्हणाली, एकटेपणाने डोक्यात जातं, राम म्हण. म्हटला. आतूनही कुणीतरी म्हटला. माझ्याच आवाजात, जरा मागून.

१४ मे

बोलणंच बंद केलंय. बोललं की ते शिकतं. आता कळतंय, मी दारापाशी बसून चार-पाच दिवस काय शिकवत होते. मनूचं नाव. ती कशी धावते. तिला झालेला नाही ते सुद्धा मीच सांगितलं. जीभ झडायला हवी होती माझी.

मला ते काही करत नाही. करायचं असतं तर कालच दार ढकलून आलं असतं. मी त्याला नको आहे, मी होऊन गेलेली. त्याला जेवण माझ्या हातचं हवं होतं, एवढंच.

१५ मे

घसा बसलाय. ताप नाही. आवाज कालपासून अर्धा झाला, आज कुजबुज. आतला आवाज मात्र खणखणीत. दिवसभर एकच हाक. ये गो मनू. ये गो.

मालूचा फोन. तिचा नवरा हरेश पॉझिटिव्ह. तिलाही कणकण आहे. म्हणाली, मनूला घरात कुठे ठेवू? तुला होऊन गेलाय, तुझ्या अंगात आहे, आईच्या कुशीत पोराला काय होणार, टीव्हीवर पण सांगतात, तिसरी लाट मुलांची, त्याआधी पोर तुझ्याजवळ बरी. मी नको नको म्हणत होते. तोंडातून नुसती हवा. ती हॅलो हॅलो करत राहिली.

आणि मग तिला उत्तर मिळालं. फोन माझ्या कानाला, मी दाराशी टेकलेली. आतून, माझ्या आवाजात, हसून — पाठव की गं. वाट बघतेय.

मालू म्हणाली, आता कसा नीट आला आवाज.

१६ मे

मेसेज किती पाठवले. एकही जात नाही. वादळ येतंय म्हणे, वारा सुटलाय, लाइट गेली, टॉवर गेला. मालूचा एकच आत येऊन पडलाय, सकाळचा. उद्या दुधाच्या टेम्पोतून धाडते, बांधापाशी उतरवतील, घ्यायला ये.

बांबूपाशी गेले, काटे ओढले, हात फाटले. पलीकडून दोघे तिघे काठ्या घेऊन आले. आधी हाका मारल्या, मग दगड. मी खुणांनी सांगत होते, पोर, पोर येतेय. त्यांना वाटलं, मला धाप लागलीय. होऊन गेलेलीला परत झाला, असं ओरडत पळाले.

परत आले तर दाराची कडी काढलेली. बाहेरची. मी घातलेली.

आत शांत आहे. आज हाक नाही, टिचकी नाही. हे जास्त —

१७ मे

सकाळ. वारा भयंकर. आतल्या दारासमोर ओसरीतला बाक ओढून लावलाय. खाटही. त्याला काही अर्थ आहे का, ठाऊक नाही.

बांबू वाऱ्याने पडलाय. लोक घरात. आता अडवायला कुणी नाही. मी अंगणात उभी राहीन, बांधावरच तिला धरीन, तशीच मागे नेईन. पावसातून नेईन. पेणपर्यंत चालत नेईन. माझी पोर आहे ती.

टेम्पोचा हॉर्न.

आली. लाल रेनकोट. बांधावर एकटी. टेम्पो वळला पण.

मी अंगणात उभी, पुढे जाता येत नाही. कुणीतरी मागून पदर — बघत नाही मागे. बघणार नाही. ओरडायला तोंड उघडलं, नुसता वारा. आणि मागून, माझ्या आवाजात, ये गो मनू, ये, धाव —

ती धावतेय. हसतेय.

वहीच तेवढी हातात आहे. मोठ्या अक्षरात लिहून वर धरते. तिला जोडाक्षरं येत नाहीत अजून. साधं. साधं लिही नूतन

मनू थांब

आत येऊ नको

ती मी नाही

मागे जा मनू मागे

बाळा वर बघ, वही बघ, मी इथे, इथे आहे, तिकडे न