दगडावरचं उजवं नाव

प्रिय ट्वायला,

त्या सकाळी मी मत द्यायला डोंगरावर चढलो, तेव्हा तुझ्या थडग्यावर कुणीतरी फुलं ठेवून गेलं होतं.

खोऱ्यातलं धुकं अजून उठलं नव्हतं. आपल्या स्टिडम घराण्याच्या दफनभूमीखेरीज इथे कुठेच फोन लागत नाही हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे ज्याला डार्सीला मत द्यायचंय त्याला वर यावं लागतं. या पुरस्काराला परीक्षक नाहीत. टीव्हीसमोर बसलेले लोकच मत देतात, रोज एक, आणि ज्याला जास्त मतं तो जिंकला. ‘वर्षाचा नवा आवाज’ म्हणून पाच जणांत आपली लेक डार्सी आहे. म्हणून रोज सकाळी निम्मं खोरं फोन उंच धरून थडग्यांमधून फिरत असतं. माझ्या वडिलांच्या दगडापाशी फोन सगळ्यात चांगला लागतो, तर तिथे रांग. माझी बहीण ओपल तर सगळ्यांवर मुकादमी करते. म्हणते, “या खालच्यांनाही मत देता आलं असतं ना, तर आपण आत्ताच जिंकलो असतो.”

पण त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोहोचलो होतो. फुलं दुकानातली होती, गुलाबी, चकचकीत कागदात गुंडाळलेली. वर एक कार्ड. ‘स्वर्गातल्या आईला. आमचं मत तुमच्या लेकीलाच.’ खाली इंडियानातल्या कुठल्याशा गावाचं नाव. तू तिकडे ओहायोत, डेटनला धडधाकट, त्या घटकेला बहुधा कामावर न्यायचा डबा भरत असशील. आणि मी इथे तुझ्या नावासमोर, तुझ्यासाठी आलेली फुलं हातात घेऊन उभा. ती कुठे ठेवावीत तेच कळेना. शेवटी वडिलांच्या दगडाशी ठेवली. कार्ड खिशात घातलं आणि त्या दिवशी मत न देताच खाली उतरलो.

हा दगड घेतला तो दिवस तुला आठवत असेल. वडील गेले त्याच वर्षी. दगड कोरणारा एस्टिल म्हणाला, त्यांचा दगड आणायला गाडी येतेच आहे, तर तुमचाही घेऊन टाका. आपल्याकडे सगळेच घेतात. नवराबायको हिंडतेफिरते असतानाच दोघांची नावं, दोघांची जन्मसालं, आणि त्यापुढची जागा कोरी. डावीकडे मी, उजवीकडे तू. तू एस्टिलला म्हणालीस, “माझ्यापुढची तारीख तेवढी अंदाजाने घालू नकोस हं,” आणि तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. डार्सी दगडावर पाय सोडून मक्याचा पाव खात बसली होती. पुढे तू बहिणीकडे कामाला म्हणून डेटनला गेलीस, आधी हिवाळ्यापुरती आणि मग कायमची, तरी दगड तसाच राहिला. ओपलने एकदा विषय काढला होता. मी म्हणालो, राहू दे, दगड काय खायला मागतो का?

टीव्हीचे लोक डार्सीला घेऊन आले तेव्हा डॉगवुडची झाडं फुलली होती. त्यांचा म्होरक्या ब्लेन नावाचा एक तरुण. बोलायला गोड, दर वाक्याला “सर”. पण त्याचे बूट स्वच्छ होते. स्वच्छ बूट हा काही गुन्हा नव्हे, हे मला कळतं. तरी आपल्या रस्त्याने चढून आल्यावर कुणाचे बूट स्वच्छ राहतात? आवाज येतो म्हणून त्याने आपला फ्रिज बंद करायला लावला आणि जाताना सुरू करायला विसरला. दूध नासलं. मला विचारलं, डार्सी गायला कुठे शिकली. मी म्हणालो, चर्चमध्ये. आमच्याकडे वाद्यं नसतात, एकजण ओळ सांगतो आणि सगळे ती लांबवून गातात. त्याला ते फारसं रुचलं नाही. “आईकडून नाही का शिकली, सर?” मी म्हणालो, तिची आई भांडी घासताना गुणगुणायची. हे त्याने लगेच टिपून घेतलं. आई आता कुठे असते हे मात्र त्याने विचारलं नाही. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात सलतंय. एवढे प्रश्न विचारणारा माणूस तेवढाच प्रश्न विचारत नाही, तेव्हा एकतर त्याला उत्तर माहीत असतं, नाहीतर ते त्याला नको असतं.

मग डार्सीला कुणाला तरी फोन करायचा होता म्हणून ते सगळे वर दफनभूमीत गेले. मी घरीच थांबलो. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही.

पाहिलं ते ओपलच्या बैठकीत, सगळ्यांबरोबर. पुरस्काराच्या आधी ते एकेका उमेदवाराच्या घरची गोष्ट दाखवतात. पडद्यावर आपला डोंगर, आपलं धुकं. डार्सी गुडघे टेकून बसलेली, हातात भला मोठा गुच्छ. तिने तो दगडाशी उभा केला. मग तुझं नाव जवळून दाखवलं, आणि एक बाई मऊ आवाजात म्हणाली की जिने डार्सीला पहिलं गाणं दिलं ती आई आज या जगात नाही. मग पोस्टातला वेंडेल म्हणाला, “अगं, पण ट्वायलाचं तर मला ईस्टरला कार्ड आलंय!” ओपल म्हणाली, “वेंडेल, केक खा.” दुसऱ्या दिवसापासून डार्सीला मतांचा पूर आला. शेवटच्या नंबरावर होती ती दुसऱ्यावर गेली. आणि परक्या नंबरप्लेटच्या गाड्या डोंगर चढायला लागल्या.

ट्वायला, तेव्हापासून मला नीट प्रार्थना करता आली नाही. डोळे मिटले की तो गुच्छ दिसायचा. आपल्या दगडावर जन्मसालापुढे काही कोरलेलं नाही, हे कुणालाही दिसलं असतं. मग नेमकी तीच जागा फुलांनी कशी झाकली गेली? मी कोंबड्यांच्या दाण्याची बादली घेऊन वर गेलो आणि ती दगडाशी ठेवून पाहिली. वाटेवरून येऊन सहज ठेवली तर ती माझ्या नावाखाली येते. तुझ्यापुढची कोरी जागा झाकायची तर मुद्दाम उजवीकडे सरकवावी लागते. म्हणजे गुच्छ कुणीतरी सरकवला. कुणी? ब्लेनने, असं मी आधी म्हटलं. मग वाटलं, त्याला ओपलने सांगितलं असेल; तू गेलीस याबद्दल तिने तुला कधी माफ केलं नाही, आणि ते लोक तिच्याकडे केक खात तासभर बसले होते. मग वेंडेलचाही संशय आला, तो त्या दिवशी जरा जास्तच आश्चर्य दाखवत होता म्हणून. चर्चमध्ये गाताना मी ओळींऐवजी तोंडं न्याहाळत होतो. ज्यांच्याबरोबर जन्मभर गायलो त्यांची.

महिन्याच्या सभेचा शनिवार आला. ब्रदर हॉबर्टने नेहमीसारखं विचारलं, “मंडळीत शांती आहे का?” तुला आठवतच असेल, ज्याच्या मनात कुणाविरुद्ध काही आहे त्याने तेव्हा उठायचं असतं, आणि ते मिटेपर्यंत दुसरं काही काम होत नाही. नॉर्मा फ्यूगेटचा ओढ्यातला बाप्तिस्मा ठरायचा होता, ती पुढच्या बाकावर अंग चोरून बसली होती. मी उठलो. म्हणालो, “ब्रदर, माझ्याकडे नाही.”

“कुणाविरुद्ध आहे, ब्रदर आर्व्हिल?”

टीव्हीवाल्यांचं नाव घ्यायचं ठरवून आलो होतो, पण ते काही मंडळीचे नव्हेत. माझी नजर ओपलकडे गेली. ती चोच मारायला निघालेल्या कोंबडीसारखी उसळली, “माझ्याकडे काय बघतोस रे? मी त्यांना केक खाऊ घातला, कुणाला मातीत नाही घातलं!” बाकांवर हसू पसरलं. ते थांबेपर्यंत मी उभा होतो आणि तेवढ्यात मला कळलं की बादली सरकवून पाहिली तेव्हाच मला उत्तर ठाऊक झालं होतं. गुच्छ ब्लेनच्या हातात नव्हता. मी म्हणालो, “माझ्या मुलीविरुद्ध आहे.”

हसू विरलं. ब्रदर हॉबर्टने विचारलं, “तिच्याशी एकट्याने बोललास?” मी नाही म्हणालो. “मग आधी तिकडे जा. इथे नंतर ये.” मी नॉर्माची माफी मागितली. ती म्हणाली, “जा तू. ओढा कुठे पळून चाललाय?”

तसाच डोंगरावर गेलो. डार्सी नॅशव्हिलला तालमीत होती, पण तिने फोन उचलला. मी आपल्या दगडापाशी उभा राहून सरळ विचारलं, गुच्छ कुणी सरकवला. ती म्हणाली, “मीच, डॅडी. पण तेव्हा मनात काही नव्हतं हो. ब्लेनने दोन नावं पाहिली आणि तोंड पाडून म्हणाला, फार वाईट झालं. त्याला वाटलं मम्मी गेली. मला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी फुलं सरकवली. नंतर त्यांनी मला ते सगळं जोडून दाखवलं, काही बदलायचंय का विचारलं. मी पाणी मागितलं.” मी म्हणालो, हे खोटं आहे, डार्सी. त्यावर ती पेटली. “आणि तुम्ही? तिचं नाव तिथे मी कोरलं? ती गेली, आणि तुम्ही तिला डोंगरावर ठेवून घेतलीत. लहानपणी मी शाळेतून येताना तिथे जाऊन बसायचे, माहितीये तुम्हाला? जिवंत आईच्या थडग्यापाशी!”

मला माहीत नव्हतं. मी दगडाला हात टेकला.

मग ती रडली आणि म्हणाली, “बुधवारी दुपारी मतदान संपतंय. तोवर थांबा ना. मग मी स्वतः सगळ्यांना सांगते, देवाशप्पथ.” आणि शेवटी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. ती इथे लिहीत नाही, कारण ती तुझी आहे. शेवटी लिहितो.

थांबणं सोपं होतं. तिचा हट्टही मला समजतो. या खोऱ्यातून आजवर कुणाचं नाव कुणी पुकारलं आहे? पण मी कोळशाच्या खाणीत वाढलेला माणूस, छत वाजायला लागलं की पाळी संपायची वाट बघायची नसते, एवढं मला कळतं. सोमवारी एस्टिलकडे गेलो. तो आता म्हातारा झालाय, कानाने कमी ऐकतो, त्यामुळे मला ते दुकानात ओरडून सांगावं लागलं. तो म्हणाला, “नावं घालायला येतात लोक, आर्व्हिल. काढायला आलेला तूच पहिला. एकदा घासलं की परत तसं बसत नाही, बरं का.” मी म्हणालो, माहीत आहे.

वर जाऊन डार्सीला सांगितलं, उद्या नाव घासून काढणार. ती म्हणाली, “मला हरायला लावताय तुम्ही.” मी म्हणालो, “असेलही, बाळा.” फोन ठेवेल असं वाटलं, पण नाही ठेवला. म्हणाली, “धूळ फार उडेल. तोंडाला रुमाल बांधा.” मग मला उमगलं की ती आपल्याच घरची आहे.

आज मंगळवार. सकाळी एस्टिलने मशीन लावलं. मत द्यायला आलेली माणसं फोन खाली करून उभी राहिली. ओपल माझ्या वडिलांच्या दगडावरची धूळ आपल्या स्वेटरच्या बाहीने पुसत राहिली. काम चालू असताना दोन बायका चढून आल्या, हातात फुलं, एकीचा फोन आमच्याकडे रोखलेला. तिने विचारलं, हे काय करताय, ही डार्सीच्या आईची कबर ना? मी रुमाल खाली केला आणि म्हणालो, “तिची आई जिवंत आहे, बाई. ओहायोत असते. चांगली आहे. इथे कुणीच पुरलेलं नाही.” तिने फोन खाली केला नाही. म्हणजे हे पत्र पोहोचायच्या आधीच ते सगळीकडे गेलं असेल. कामावर कुणी तुझ्याकडे टक लावून पाहिलं, तर कारण हे.

आता ती राहिलेली गोष्ट. डार्सी म्हणाली, ते टीव्हीवर लागलं त्याच दिवशी तू तिला फोन केलास. ती माफी मागत होती, आणि तू म्हणालीस, “राहू दे गं. तुझ्या उपयोगी पडत असेन तर मला मेलेलीच राहू दे.” ट्वायला, मी या खोऱ्यातल्या प्रत्येकावर संशय घेतला, तुझ्यावरही, वाटलं, तू ते पाहून हसली असशील, सुटले म्हणाली असशील. हे मात्र माझ्या मनात आलं नाही. तू लेकीसाठी आपणहून त्या जागेत जाऊन निजलीस, आणि ती जागा मीच तुझ्यासाठी राखून ठेवली होती, तू परत येशील म्हणून. तुला हे दुसऱ्या कुणाच्या फोनवर दिसण्याआधी माझ्या हातून कळावं, म्हणून लिहायला बसलो. दगडावर आता डावीकडे मी आहे आणि उजवीकडे एक खरखरीत चौकोन. एस्टिल गेल्यावर त्यावर हात ठेवला, तो अजून गरम होता. तिथे तुझं काही नाही. तू कुठे राहायचं, आणि पुढे कुणाच्या शेजारी निजायचं, ते तुझं तू ठरव. पुढच्या सभेच्या शनिवारी ब्रदर हॉबर्टने विचारलं, मंडळीत शांती आहे का, तर मी बसून राहणार आहे.

दगडावाचूनही तुझाच,
आर्व्हिल