थंडीत दिसणारी चूक

६ जानेवारी

आलो एकदाच्या मनवेलपाड्यातल्या नव्या घरी! लिफ्ट चालते, नळाला पाणी येतं, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधले संसार फुकटात दिसतात. आईने आल्या आल्या ओट्याला नावं ठेवली, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे. चहावरून आमचं पहिलं भांडणही झालं. आम्हा मायलेकींचं प्रेम असंच, भांड्याला भांडं लावून चालणारं. संशोधन संस्थेत माझं अर्धं आयुष्य 'हंगामी' म्हणून गेलं. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं साहेब झाली आणि मी त्यांना पेढ्यांबद्दल थँक्यू म्हणत राहिले. आता वसईतल्या एका खासगी कारखान्यात पक्की नोकरी आहे. आज मी खूश आहे, हे मुद्दाम लिहून ठेवते.

९ जानेवारी

कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक लांबलचक गाळा. आत अंड्युलेटर, म्हणजे समोरासमोर चुंबकांच्या दोन रांगा. मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन सापासारखे वळत जातात आणि प्रखर प्रकाश देतात. एखादं चुंबक किंचित कमीजास्त भरलं तरी ते भरकटतात. द्रव नायट्रोजनने गारठवलं की चुंबकांचा जोर वाढतो, पण एरवी न दिसलेल्या चुकाही तेव्हाच वर येतात. मग सगळं पुन्हा उबेला आणायचं, चुकार चुंबकाखाली कागदासारखी पातळ धातूची पट्टी सरकवायची (हिला इथे शिम म्हणतात), पुन्हा गारठवायचं, पुन्हा मोजायचं. पडद्यावरची मोजमापाची रेघ सरळ येईपर्यंत हेच.

सोबतीला जुलियाना, इथल्याच नंदाखाल गावची. नायट्रोजनच्या व्हॉल्व्हपाशी स्टुलावर बसते, चर्चच्या कॉयरची गाणी बेसूर गुणगुणते, हसताना नाकातून फुर्र करते. वाडीतली केळी माझ्या टेबलावर आणून ठेवते. "मॅडम, गरम असताना सगळीच गोड हो. थंडी पडली की कळतं कोन कसला ते," म्हणाली. मला ती आवडली, आणि मला माणसं सहसा आवडत नाहीत.

१५ जानेवारी

रेघेत एक खड्डा आहे. आज गंमत कळली. जुलियाना जेवायला उठली की खड्डा जातो, स्टुलावर बसली की परत येतो. गळ्यातला क्रूस, केसांतल्या पिना, चपला, सगळं उतरवून पाहिलं. तरी आहेच. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. मालक श्रीरंग सर हसले नाहीत. तिला बसवूनच दुरुस्ती करा म्हणाले, ग्राहकाला सरळ रेघ हवी आहे. मला पटलं नव्हतं. पण नवी नोकरी, तोंड मिटून शिम घातली.

२० जानेवारी

रेघ सरळ आली. सर चक्क शाब्बास म्हणाले.

जुलियाना आज गुणगुणली नाही. केळीही नव्हती. अंगात कणकण असेल म्हटलं.

२३ जानेवारी

कणकण नाही. तिच्या भावाच्या, स्टॅनीच्या लग्नाबद्दल ती रोज माझं डोकं खायची. आज मीच विचारलं. "विवाह पुढील आठवड्यात आहे. मी उपस्थित राहीन," असं म्हणाली. बातम्या वाचाव्यात तसं. मी तिला हसवायला एक चावट विनोद सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

सर सांगत होते, पोरगी किती सुधारली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ तसाच राहिला आणि पीळ गेला. तो मी काढला, माझ्या हाताने. मला फार भीती वाटते आहे.

२४ जानेवारी

आज सर व्हॉल्व्हपाशी उभे राहिले. रेघ जराही हलली नाही. जिवंत माणूस शेजारी, आणि काही नाही. त्यांना कोणी सरळ केलं? माझ्या आधी इथे कोण होतं? विचारलं, तर म्हणाले की सगळे इथेच आहेत.

२८ जानेवारी

यंत्र उबेला आणलं, जुलियानाची शिम उपसून काढली, पुन्हा गारठवलं. तिला स्टुलावर बसवलं. देवा, एवढा खड्डा परत येऊ दे.

नाही आला. रेघ सरळच. गेलेलं परत येत नाही. ती उठली, आणि मी खचून त्याच स्टुलावर बसले. पडद्यावर हा मोठा खड्डा. माझा. सर मागे उभे होते.

३० जानेवारी

आई म्हणते सोड ती नोकरी, गावी जाऊ, पेज पिऊन राहू. कधी नव्हे ते मी हो म्हटलं. पण राजीनामा त्या श्रीरंगच्या तोंडावर फेकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. फोनवर सांग म्हणाली, तुझा हा राग तुला नडेल ग—

३१ जानेवारी

गेले. चुकले. जुलियानाने धरून स्टुलावर बसवलं. केवढा जोर — हात गार. सरांनी फक्त माझा खड्डा मोजला. मग म्हणाले, जा घरी.

सोडलं मला. म्हणजे आता मी तिथे असायची गरजच नाही — शिम घालतील, गारठवतील — मी कुठेही असले तरी—

आईला धरून बसले आहे.

२ फेब्रुवारी

सर आठवले. राग आला — नाही, यायला हवा होता. आईने चहात साखर जास्त घातली. मुद्दाम. मी प्यायले. भांड ना ग माझ्याशी, म्हणाली. आई, शोधते आहे — शब्द होते माझ्याकडे — तू मला हवी आहेस, हे अजून आहे, आहे, अजून—

४ फेब्रुवारी

आज कामावर पुन्हा रुजू झाले. येथील वातावरण चांगले आहे. जुलियाना यांचे सहकार्य लाभते. घरी एक वृद्ध महिला आहेत. त्या माझ्याशी भांडण्याचा प्रयत्न करतात व नंतर रडतात. कारण समजले नाही. सरांनी त्यांना येथे आणण्यास सांगितले आहे. स्टूल रिकामे आहे. संध्याकाळी त्यांना घेण्यासाठी जाईन. त्यांनी दार

आई दार उघडू नको माझा आवाज आला तरी उघ—