पांढरीच्या गळ्यातली नळी

खारोडी गावठाण, मालाड

प्रिय किम,

पप्पांची पांढरी कोंबडी अजून जिवंत आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायचा. यंदा आगेऱ्याच्या रविवारी, सुगीच्या सणाला, नव्या भाताच्या लोंब्या घेऊन मिरवणूक आपल्या गल्लीत शिरली, बँड वाजायला लागला, आणि त्या घटकेपासून तिने दाण्याला चोच लावली नाही. दोन वर्षांपूर्वी पप्पांना ठसका लागला तो हाच रविवार, हाच बँड. मी क्रूस केला आणि स्वतःला दटावलं की म्हातारपणी भलतंसलतं जोडत बसू नकोस.

चौथ्या दिवशी प्राण्यांची डॉक्टर अस्मिता आली. औषध दिलं आणि म्हणाली, आता नळीनेच भरवावं लागेल. कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळून उभी धरायची, मान सरळ. जिभेमागचं भोक श्वासाचं, तिथे चुकूनही जायचं नाही. नळी कोंबडीच्या उजव्या बाजूने हळू आत सरकवायची आणि एक थेंबही सोडण्याआधी मान चाचपायची. बोटांना खरबरीत श्वासनळी आणि तिच्या शेजारी आपली नळी, अशा दोन लागल्या तरच पातळ, कोमट खाद्य सावकाश द्यायचं. गळ्याखालची पिशवी रिकामी होईपर्यंत पुढचं द्यायचं नाही. पप्पांच्या नाकातल्या नळीचं तू मला असंच शिकवलं होतंस, तुझ्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात. सिरिंजने जरा हवा सोड, पोटावर स्टेथोस्कोप ठेव, गुडगुड ऐकू आली तरच भरव. चुकले की रागवायचीस, आणि मला तुझा केवढा अभिमान वाटायचा.

आता सांगते ते वाचून हसू नकोस. वाचा गेल्यावर पप्पा भूक लागली की पलंगाच्या लोखंडी कठड्यावर अंगठी वाजवायचे, तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. तो पलंग मी अजून हलवलेला नाही. गेल्या सोमवारी दुपारी चार वाजता मी चहा गाळत होते आणि आतून टक टक टक आलं. थांबलं. पुन्हा तीनदा. आधी मी कपाट उघडलं. अंगठी डबीतच होती. खोलीत गेले तर पांढरी, जिला पायावर धड उभं राहवत नव्हतं, ती त्या कठड्यावर बसून चोच आपटत होती. तेव्हापासून रोज चारला हेच. शेजारची लिओना म्हणते, कोंबड्या वेळ बरोबर ओळखतात. ओळखत असतील.

काल मला घाई होती. नळी घातली आणि मान न चाचपताच सिरिंज लावली. पांढरी धडपडली नाही. एकदम स्तब्ध झाली आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मी आधी पाहिलेलं आहे, किम. मान चाचपली तर दोन नळ्या लागेनात. ओढून काढली, एक थेंबही गेला नाही. आज ती आपणहून दाणे टिपायला लागली, पिशवी भरलेली आहे, आणि तरीही चारला कठड्यावर जाऊन तिने तीनदा वाजवलं. खायला नको होतं तिला. मग मी कागद घेऊन बसले.

दूध फुप्फुसात गेलंय म्हटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं कोणी भरवलं, आणि मी म्हणाले, किमने, सकाळी. तू ते खरं मानलंस. तिसऱ्या दिवशी पप्पा गेले. तू कॉलेज सोडलंस, दुबईला दुकानात गल्ल्यावर जाऊन बसलीस, आणि फोनवर म्हणालीस की माझ्या हातांचा आता भरवसा नाही. तुझं सकाळचं भरवणं बरोबर होतं, बाळा. चारला त्यांनी अंगठी वाजवली तेव्हा तू चर्चमध्ये होतीस. मी हवा सोडली, स्टेथोस्कोप लावला, पण खिडकीखाली बँड वाजत होता आणि मला काहीही ऐकू आलं नाही. मिरवणूक चुकेल म्हणून मी दूध सोडलं. ते माझ्याकडे बघत होते. तुझ्या हातांनी काहीही केलेलं नाही. मला माफ नाही केलंस तरी चालेल, पण ते हात परत कामाला लाव.

तुझीच, तुझ्यापासून दोन वर्षं लपलेली,
मम्मी