दारावरून गेलेली हाक

१२ जुलै
आजही हाक आमच्या दारावरून पुढे गेली!

रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांची म्होरकी सुमित्राबाई संध्याकाळी गल्लीतून फिरते. ज्या दाराशी थांबून "उद्या चाल वो" म्हणेल, तिथली बाई दुसऱ्या दिवशी भाताच्या बांधीत उतरते. हाक नाही तर जायचं नाही — माझ्या आईपासूनची रीत. शेजारच्या चेतनाला हाक. पलीकडे दुर्गेश्वरीला हाक. मध्ये आमचं दार. तिथं बाईची पावलं भरभर पडली.

माझी लेक रेणू पदर खोचून दाराआड उभी होती. मग पदर सोडला आणि चुलीकडे गेली.

१३ जुलै
नागपूरच्या दवाखान्यातून तिला आणली तेव्हा मोहफुलं पडत होती. कानात बोलणारे आवाज गोळ्यांनी थांबले. सासरचे मात्र न्यायला आले नाहीत. आणि इथं गावात हातपंपावर बाया तिला पाहून पाण्याचे गुंड उचलून चालू लागतात. डॉक्टर म्हणाले होते, "अर्धं औषध गोळ्यांत, अर्धं माणसांत." ते अर्धं कुठल्या दुकानात मिळतं?

दिवेलागणीला मी चौथीच्या पुस्तकातली कविता म्हटली. लहानपणी रेणू माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. मी एक ओळ म्हणायचो, ती पुढची. आज नुसती ऐकत राहिली. दूर सौंदडच्या रेल्वेगाडीची शिट्टी वाजली. कविता तिथंच थांबली.

१५ जुलै
गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी! विचारलं.

"बाबा, कोणी बोलतच नाई. बरी होऊन करू काय?"

पट्टी तिच्या उशाशी ठेवून मी बाहेर आलो.

१६ जुलै
युक्ती सुचली! आमच्या बांधीचा रोवणा यंदा सुमित्राबाईलाच सांगितला. मालकाचीच पोर ओळीत उतरली तर अडवेल कोण?

१९ जुलै
युक्ती फसली. म्हणजे — पुरती नाही. नीट लिहितो.

बाया आल्या. रेणू ओळीच्या टोकाला उतरली. तिला कोणी अडवलं नाही, पण शेजारीही कोणी गेलं नाही. ओळ मागे सरकत गेली तशी पऱ्ह्याच्या हिरव्या रोपांमध्ये एक उघडी चिखलाची पट्टी उरत गेली — एक बाई मावेल एवढी.

रोवण्यात एकीने गाणं टाकायचं, बाकीच्यांनी झेलायचं. लग्नाआधी गाणं टाकणारी रेणूच. आज तिने हळूच टाकलं,

"पऱ्हा माझ्या हाती बाई, माहेराची माती..."

कोणी झेललं नाही. पुन्हा टाकलं. तेही चिखलात पडलं. तिसऱ्यांदा तिने ओळ अर्ध्यावरच सोडली, आणि मला राहवलं नाही. शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून मीच झेललं! बायांचं गाणं, म्हाताऱ्याचा फाटका गळा — आणि चाल लागली ती चौथीच्या कवितेची!

ट्रॅक्टरवरचा छोटेलाल ओरडला, "गुरुजीचं बी डोस्कं गेलं रे बाप्पा!"

बाया हसून हसून चिखलात बसायच्या राहिल्या. रेणूही हसली. कधीपासून ऐकलं नव्हतं ते हसू!

म्हातारी सुमनबाई म्हणाली, "नासवली ना चाल, गुरुजी!" आणि खऱ्या चालीवर तीच ओळ उचलली. मागून चेतनाने. सुमित्राबाई मान खाली घालून रोवतच राहिली.

रोवता रोवता सुमनबाई त्या पट्टीत सरकली. पट्टी भरली. दुपारी डबाही रेणूजवळच सोडला. कोणीतरी कुजबुजलं, तर म्हणाली, "माह्या आजीले असंच दूर बसवत होते. माह्यासमोर नाई चालाचं."

२० जुलै
हाक नाही. गल्लीकडे कान लावून बसलो होतो. रेणूने काही विचारलं नाही. जेवल्यावर गोळी मात्र स्वतःच घेतली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२१ जुलै
पावलं आली. चेतनाच्या दारी थांबली. मग आमच्या — थांबली! सुमित्राबाईच. आत न बघता म्हणाली,

"रेणू, उद्या चाल वो. अन् बाबाले घरीच ठेव. चाल नासवतेत!"

२२ जुलै
रेणू रोवण्याला गेली, घर रिकामं. चौथीची कविता म्हटली. पुढची ओळ कोणी म्हटली नाही.

किती बरं वाटलं!