पिढीने मी त्याचा काका

सुन-ओक, धाकट्या बहिणीस आशीर्वाद.

पत्राला महिनाभर उशीर झाला, रागावू नकोस. तब्येत ठीक आहे. खोकला आहे, पण थोडाच. तुझे गुडघे कसे आहेत?

सोलमध्ये पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी आज पाचवी मुलाखत दिली. मी तोंड उघडताच माझ्या बोलीवरून ओळखून साहेब म्हणाला, "आजोबा, चीनचे ना?" सगळे हेच विचारतात! मी वैतागलो. "अहो, माझा बाप इथूनच तिकडे गेला. आम्ही इथल्याच पाफ्योंग गावच्या यून कुळातले!"

तोही पाफ्योंगचाच यून निघाला. कुळातल्या पिढ्या मोजल्या, तर मी त्याचा काका. त्याने कपाळाला हात लावला. "काका, आता तुमच्यावर ओरडू कसा? दुसरीकडे बघा."

परका म्हणून नको, घरचा म्हणूनही नको!

पुढच्या महिन्यात सहावी मुलाखत आहे. तिथे मी कुठला म्हणून सांगू, ते लवकर कळव.

तुझा दादा,
प्योंग-हो