अधांतरचे हात

डार्मश्टाट, १४ ऑक्टोबर २०१६
मानसीची मेल. तिची प्रकाशनसंस्था आमच्या 'अधांतर'च्या निवडक चित्रकथांचं पुस्तक काढतेय. प्रस्तावना मी लिहायची : हा नायक जन्मला कसा, बदलत कसा गेला. मुदत महिनाअखेर. शिवाय जन्मकथा नव्याने, सोळा पानं. मी लिहायची, सदाभाऊंनी काढायची. ती जमली तर पुढची तीन पुस्तकं आम्हा दोघांचीच. नाही तर मुंबईचा एक स्टुडिओ कंप्यूटरवर काढून द्यायला तयार आहे.
मुदत आहे म्हटल्यावर बरं वाटलं. ऋताकडे आल्यापासून हाताला काम नाही. मला डिशवॉशर लावता येत नाही, असं लेकीचं मत आहे.

१६ ऑक्टो.
जन्माचा भाग एका बैठकीत झाला. मुलांच्या पुरवणीचं शेवटचं पान, ऐनवेळी रद्द झालेली जाहिरात. मी उपसंपादक, सदाभाऊ शेजारच्या टेबलावर नकाशे काढत बसलेले. खिडकीबाहेर खांबावर वायरमन. मी म्हटलं, हा पडला तर? ते म्हणाले, "पडू देऊ नकोस. तसाच राहू दे वर."
तेव्हापासून अधांतर उडत नाही. फक्त पडत नाही. खाकी कपडे, रबरी हातमोजे, कमरेच्या पट्ट्याला पक्कड, पाने. ताकद सगळी हातात. तो ज्याला धरेल तोही पडत नाही.

१९ ऑक्टो.
'बदलत कसा गेला' अडलंय. मानसीने पाठवलेल्या पानांच्या प्रती काढून आणल्या, हॉलभर वर्षांप्रमाणे मांडल्या.
ऋता : "आई, आम्ही चालायचं कुठून?"
"अधांतरसारखं जा."
आधी पट्ट्यावरची अवजारं गेलेली दिसतात. मी लिहिलं, 'त्याला अवजारांची गरज उरली नाही.' मग बोटं जाऊन नुसत्या मुठी. 'निर्धार वाढला.' मग रेनकोट, बाह्या बोटांच्या खालपर्यंत. 'गूढता आली.' मग धुकं, लांबून, पाठमोरा.
वाक्यं ठीक आहेत. पटत नाहीत. का ते कळत नाही.

२३ ऑक्टो., रवि.
जयंतराव कॉफी घेऊन पानांमधून वाट काढत चालले होते, थांबले. जावई गाड्यांचे भाग मोजून पास-नापास करतात, घरातही तसंच बघतात.
"आई, एक विचारू? हे सगळे बदल एकाच दिशेला कसे?"
"म्हणजे?"
"डिझाइन बदललं की ते उडी मारतं. कधी मागेही येतं. हे हळूहळू एकाच बाजूला सरकलंय. असं दिसलं की आम्ही ड्रॉइंग नाही बघत, आधी टूल बघतो. ते झिजलेलं असतं."
मग माझ्याकडे बघून, "सॉरी, मी आपलं मशीनचं बोललो."
बोटं, पक्कड, पाने. जे जे गेलं त्याला बारीक, सरळ रेघ लागते.
आणि सदाभाऊंचे फोन. "बाई, या खेपेला पाऊस घालू या का?" "धुकं छान दिसेल गं." मी दर वेळी खूश. मनात म्हणायचे, काय सुचतं यांना.

२६ ऑक्टो.
लुइझेनप्लाट्झच्या चौकापर्यंत चालत गेले, तशीच परत. पाव आणला. घरात पाव होताच.
जन्मकथा हातांशिवाय लिहून बघितली. खालून, मागून, गर्दीचे चेहरे. बाकीची पानं निघतात. पंधरावं नाही. तिथे त्याचा पाय सुटतो, एका हाताने तार धरतो, दुसऱ्याने घसरणारा जोडीदार. हात वगळले तर गोष्टच नाही. ठेवले तर सदाभाऊ उघडे पडतात आणि पुस्तकं स्टुडिओकडे.
त्यात मानसी : "मॅडम, हात मोठे दिसू देत. मुखपृष्ठ त्याचंच करतोय."

३० ऑक्टो.
लक्ष्मीपूजन. आजच इथली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे, त्यात माझा हिशेब चुकला. सदाभाऊंना फोन लावला तर वहिनी : "थांबा हं, चहा घेतायत. अर्धाच कप आहे, होईल आत्ता."
"अर्धा का?"
"पूर्ण भरला की अंगावर."
मग ते. "काय बाई, जर्मनांना चकल्या चारल्यास का?"
मी सरळ विचारलं, "सदाभाऊ, पाऊस कधीपासून पडतोय?"
पलीकडचा टीव्ही बंद झाला.
"कोण म्हणालं?"
"जावई."
"हुशार आहे. त्याला म्हणावं, चित्रं काढ."
पंधरावं पान पाठमोरं लिहू का, विचारलं.
"नको. पाठ काढून कंटाळलो मी. हात लिही."
"पण मानसी..."
"तिला पान बघू दे. तू मधे बोलायचं नाहीस. माझी बाजू घेऊनसुद्धा नाही."

३१ ऑक्टो.
कथा पाठवली. पान १५ : पूर्ण पानभर दोन हात. बाकी काही नको.
प्रस्तावनेचा फक्त जन्म पाठवला, उरलेल्याला आठवडा मागितला. आयुष्यात पहिल्यांदा. ऋताने कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाहीये."

५ नोव्हें.
पंधरावं पान आलं, बाकीच्यांच्या आधी. सदाभाऊंनी मला आणि मानसीला एकदमच पाठवलंय.
हातमोजे नाहीत. बोटं आहेत, नखांसकट. एकही रेघ सरळ नाही. प्रत्येक बोटाला दोन-दोन, तीन-तीन कडा, तारही थरथरलेली. लपवलेलं काही नाही.
आधी वाटलं, संपलं, यांना आता जमत नाही. मग वाटलं, हा पडणार. इतकी वर्षं लिहितेय, अधांतर पडेल अशी भीती मला कधी वाटली नव्हती.
जयंतरावांना दाखवलं. "आमच्याकडे हे नापास," म्हणत आत गेले. आणि परत येऊन पुन्हा बघितलं.
संध्याकाळी मानसीची एक ओळ : "मॅडम, हे पान असंच हवंय की कच्चं आहे?"
'असंच' लिहिलं. खोडलं. सदाभाऊंनी मधे बोलू नकोस म्हटलंय, आणि विचारतेय ती मला.
प्रस्तावनेतला गूढता, निर्धार हा सगळा भाग काढून टाकला. तिथे आता काही नाही.
ऋता जेवायला बोलावतेय. मानसीची मेल तशीच उघडी. पान पुन्हा बघितलं. चार बोटं तारेवर आहेत. अंगठा अजून पोचलेला नाही.