काटा अर्ध्यावर

१ फेब्रुवारी, शनिवार
निर्णय झाला. बाबांच्या ट्रकचे मीटर मी घरीच नवे करणार. ट्रक बावीस वर्षांचा, डायल चहात बुडवल्यासारखे पिवळे, आकडे पुसट. बाबा सुतार, वय एकाहत्तर. केलेली कपाटं अजून स्वतः पोचवतात आणि स्पीड डोळे बारीक करून बघतात. मुलगा म्हणून माझं काही कर्तव्य आहे. पांढरे डायल, मोठे आकडे, मागून निळा दिवा. एका दुपारचं काम.
बाबांना सांगितलं. म्हणाले, मला इंजिन ऐकू येतं, तेवढं पुरे. आमची पिढी आणि त्यांची पिढी.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०
नऊ स्क्रू काढले. मीटरचा अख्खा डबा जेवणाच्या टेबलावर. बायकोने विचारलं, जेवायचं कुठे. मोठ्या कामात असले प्रश्न येतातच.
दुपारी १. व्हिडिओतला माणूस दोन चमच्यांनी काटे उचकटतो. मीही उचकटले. चारही निघाले. डिझेलचा फ्रिजखाली गेला होता, सापडला.
दुपारी ४. काटा काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करायची, हे व्हिडिओच्या शेवटी सांगितलंय. अशा गोष्टी आधी सांगाव्यात. हरकत नाही. माझी नजर पक्की आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
रजा. ऑफिसला कारण दिलं, घरगुती. डायल छापून आणले. थोडे मोठे झाले, कात्रीने कापले. बायकोच्या मते अंड्यासारखे दिसतात. डायलचा आकार बघत कोण गाडी चालवतं?
बाबा तिसऱ्यांदा विचारून गेले, ट्रक कधी मिळेल. शनिवारी एका शिक्षिकाबाईंचं कपाट पोचवायचंय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
बसवलं. निळा दिवा लागला. बायको आधी छान म्हणाली. मग म्हणाली, उभा ट्रक ताशी वीसने चाललाय. मी समजावलं, वेग जास्त दिसलेला बरा, बाबा जपून चालवतील. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. कौतुकाने असावं.
संकल्प: बारीकसारीक जुळवाजुळव रविवारी.

८ फेब्रुवारी, शनिवार
कपाट पोचवायला मीही सोबत. निघताना बाबांनी डिझेलचं विचारलं. मी म्हणालो, अर्धी टाकी. ते म्हणाले, टाकी रिकामी वाजतेय. मी म्हणालो, बाबा, काटा खोटं बोलत नाही.
पुलाच्या मधोमध ट्रक बंद पडला. मागे रांग. एका बसच्या ड्रायव्हरने खाली उतरून माझ्याबद्दल मत मांडलं. मी कॅन घेऊन पंपापर्यंत चालत गेलो, चालत आलो. डिझेल ओतलं तरी सुरू होईना, पाइपात हवा धरलेली. मेकॅनिक बोलवावा लागला. त्याने मीटर बघितले आणि विचारलं, हे कोणी केलं. मी म्हणणार होतो, एका इलेक्ट्रिशियनने. बाबा आधीच म्हणाले, माझ्या मुलाने. आवाजात अभिमान होता का, ते ट्रॅफिकमुळे नीट कळलं नाही.
कपाट चार तास उशिरा पोचलं. शिक्षिकाबाई सगळे कपडे खुर्च्यांवर मांडून बसल्या होत्या. बाबांनी त्यांची माफी मागितली. माझ्या वाट्याची. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांना मी कधी माफी मागताना पाहिलं नव्हतं.
परत येताना बाबा इंजिनाकडे कान लावून ट्रक चालवत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार
बाबांनी सागवानाची पट्टी तासली. टाकीत बुडवायची, कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. चार खुणा, बिनचूक. म्हणाले, रोज सकाळी हे काम तू करायचंस. एवढं जबाबदारीचं काम बाबा कोणावरही सोपवत नाहीत. म्हणजे राग गेला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पट्टी टाकीत पडली. हात जरा ओला होता.
बाबांनी दुसरी केली. हिला वर भोक आहे, भोकात दोरी. दोरीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला बांधायचं, असं ठरलंय. गाठ ते स्वतः मारणार.